नेलेल्या रक्ताचा जाब

"बाये, आमचें रगत व्हेलें न्ही, मागीर ताचें कितें जालें?"

गोव्याच्या काणकोण तालुक्यात, वेळीप या आदिवासी समाजाच्या एका वाड्यावर, शेणाने सारवलेल्या सोप्यावर बसून सुपातली नाचणी पाखडता पाखडता एका वृद्ध बाईंनी मला हे विचारले: आमचे रक्त नेले ना, मग त्याचे काय झाले? त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. शेजारच्या घरी दिलेले भांडे अजून परत आले नाही, याची चौकशी करावी तसा तो स्वर होता. त्याआधी मी त्या वाड्यावर गेले होते ती एका आरोग्य पाहणीच्या पथकातील नवखी अध्यापिका म्हणून. आम्ही बायकांचे रक्त तपासायला घेतले, इंग्रजीत छापलेल्या संमतिपत्रांवर अंगठे घेतले, चहा घेतला आणि निघून आलो. आकडे तक्त्यांत गेले, तक्ते अहवालात गेले आणि अहवाल कपाटात गेला. वाड्यावर मात्र काहीच परत गेले नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी जुनी वही काढली. त्या बाईंच्या नावापुढे हिमोग्लोबिनचा आकडा होता ७.४. बारापेक्षा कमी असले तर प्रौढ बाईला रक्तक्षय आहे असे मानतात आणि आठच्या खाली तो तीव्र समजला जातो. म्हणजे डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन घाटी चढणाऱ्या, चढावर दोनदा थांबून श्वास घेणाऱ्या या बाईंना त्यांचे शरीर काय सोसते आहे हे सांगणारा आकडा माझ्या वहीत इतका काळ पडून होता, आणि ज्यांच्या शरीरातून तो निघाला त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. लोहाच्या गोळ्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळत होत्या. त्या बाईंना तिथपर्यंत जायला सांगणे एवढेच आम्ही करायचे होते, आणि तेवढेही आम्ही केले नाही.

दक्षिण गोव्यातील एका महाविद्यालयात मी समाजशास्त्र शिकवते. आदिवासी समाजाचे आरोग्य आणि न्याय या विषयावरची एक ऐच्छिक अभ्यासपत्रिका गेली काही वर्षे माझ्याकडे आहे, आणि तिचा पहिला तास मी या प्रश्नानेच सुरू करते. आरोग्य आणि न्याय एकाच अभ्यासपत्रिकेत का घातले, असे सहकारी विचारतात. आरोग्य हा वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रांत आणि न्याय हा कायद्याच्या वर्गाचा, अशी वाटणी आपल्याकडे इतकी पक्की झाली आहे की दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या अंगावर येतात हे शिकवायला वेगळा तास ठेवावा लागतो.

गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप या तीन समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला, म्हणजे मुक्तीनंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. २०११ च्या जनगणनेत या जमातींची लोकसंख्या १,४९,२७५ भरली, राज्याच्या दहा टक्क्यांहून थोडी अधिक. धनगर गवळ्यांना हा दर्जा मिळालेला नाही. दर्जा मिळाला तरी त्यासोबत यायचे हक्क आले नाहीत, म्हणून २५ मे २०११ रोजी बाळ्ळीला आंदोलन झाले आणि त्यात दोन तरुणांचे प्राण गेले. माझ्या वर्गातली मुले तेव्हा लहान होती. पण केपे, काणकोण आणि सांग्याकडच्या मुलांना तो दिवस घरातल्या बोलण्यातून ठाऊक असतो. पणजी-मडगावच्या मुलांना बहुधा तो मीच सांगते.

हे सारे आरोग्याच्या तासाला का सांगायचे, याचे उत्तर मला एका विद्यार्थ्याने दिले. तो स्वतः वेळीप समाजातला होता, वर्गात फारसे बोलायचा नाही. पाहणीसाठी मी तयार केलेले संमतिपत्र मी तपासायला म्हणून वर्गात वाटले होते. भाषा सोपी केली होती, कोकणीत लिहिले होते, आणि त्याबद्दल मला मनातून समाधान वाटत होते. त्याने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "मॅडम, भाषा बरी आहे. पण आमच्या वाड्यावर लोक कागदाला भितात, भाषेला नव्हे." त्याच्या आजोबांच्या पिढीची कुमेरी, म्हणजे डोंगरउतारावरची फिरती शेती, कागदावरच गेली होती. जमीन कसत होते ते लोक, कागदावर ती झाली वनखात्याची. तेव्हापासून बाहेरून आलेल्या कुणी कागद पुढे केला की घरातली मोठी माणसे आधी मागे सरतात, आणि समोरचा साहेब फारच जोर करू लागला की मुकाट्याने अंगठा देतात, कारण अंगठा दिला की साहेब जातो. "तुम्ही त्याला संमती म्हणता," तो म्हणाला. पुढे काही बोलला नाही.

मी ते संमतिपत्र बाजूला ठेवले. रक्तक्षयाची पाहणी करायला निघालेल्या मला जमिनीचा इतिहास ठाऊक नव्हता असे नाही. पण तो वेगळ्या पुस्तकात होता. अंगठ्याच्या त्या निळ्या ठशात दोन्ही एकत्र आहेत हे मला तोवर दिसले नव्हते.

संमती आणि मुकाट मान तुकवणे यांतला फरक या देशात कायद्याच्या अध्यापकांनी एकदा सर्वोच्च न्यायालयाला दाखवून दिलेला आहे, आणि तोही एका आदिवासी मुलीसाठी. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असे मानून १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. पुढच्या वर्षी १६ सप्टेंबरला उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धगमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. प्रत्येक संमतीत शरण जाणे असते, पण प्रत्येक शरण जाण्यात संमती असतेच असे नाही, हा त्या पत्राचा गाभा होता. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला: कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात आपली संमती नव्हती असे त्या स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे अशी तरतूद झाली. त्या मुलीवर झालेला अत्याचार आणि एका पाहणीचा कागद यांना एका पारड्यात घालण्याची चूक कुणी करू नये, मीही करत नाही. पण चार शिक्षकांनी लिहिलेले ते एक वाक्य मी फळ्यावर लिहिते, कारण ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्यासमोर दुबळ्याने दिलेल्या होकाराचे वजन कसे तोलायचे, हे त्याहून स्वच्छ शब्दांत मी कुठे वाचलेले नाही. विद्यापीठात बसून लिहिलेला कागद कधीकधी काय करू शकतो, हेही मुलांना त्यातून कळते.

संशोधनाच्या नावाने घेतलेल्या होकाराचा आपल्याकडचा सर्वांत अस्वस्थ करणारा दाखला फार जुना नाही. २००९ साली तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस अभ्यास प्रकल्पाचा भाग म्हणून देण्यात आली. त्यांतल्या पुष्कळ मुली आदिवासी होत्या, वसतिगृहात राहणाऱ्या होत्या. २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने या प्रकरणावर अहवाल दिला, त्यात आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या अशी नोंद आहे. आईवडील हयात असताना अधीक्षकाने होकार दिला. हा आकडा ऐकताना वर्गात ज्या मुली वसतिगृहात राहून शिकल्या आहेत त्या मान वर करून पाहतात. लस चांगली की वाईट हा इथे प्रश्नच नाही, ती उपयुक्त लस आहे. विचारायचे कुणाला होते आणि विचारले कुणाला, एवढाच प्रश्न आहे.

रक्त कुठे गेले, हा काणकोणच्या बाईंचा प्रश्न अमेरिकेतील एका जमातीने न्यायालयात विचारला. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणाऱ्या हावासुपाय लोकांत मधुमेह फार आहे. १९९० पासून ॲरिझोनातील एका विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचे रक्त नेले, ते मधुमेहाचे कारण शोधण्यासाठी, असे लोकांचे समजणे होते. पुढे २००३ साली जमातीतील एक महिला त्याच विद्यापीठात एका पीएचडीच्या सादरीकरणाला बसली असताना तिला उमगले की तेच रक्त इतर अभ्यासांसाठीही वापरले गेले आहे. त्यांत मानसिक आजारांचा शोध होता, आप्तांमधल्या विवाहांचा होता, आणि त्यांचे पूर्वज कुठून आले हा शोधही होता; आपण या दरीतच जन्मलो अशी ज्यांची श्रद्धा त्यांच्याच रक्तातून तिच्याविरुद्धचा पुरावा काढण्यात आला होता. २०१० साली तडजोड झाली: ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर मिळाले आणि उरलेले नमुने जमातीच्या स्वाधीन करण्यात आले. हे प्रकरण शिकवताना पैशांवर मी फार थांबत नाही. आपले रक्त परत घेण्यासाठी त्या लोकांना वीस वर्षे लागली, यावर थांबते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत आदिवासी समाजांविषयी स्वतंत्र भाग आहे. त्या समाजाला उपयोग होणार असेल तरच संशोधन करावे, स्थानिक बोली जाणणाऱ्या आणि समाजातील जाणत्या माणसांच्या सल्ल्याने संमती घ्यावी, आणि पुढाऱ्याने परवानगी दिली तरी प्रत्येक व्यक्तीला वेगळे विचारावे, असे त्यात म्हटले आहे. नियम चांगले आहेत. पण ते मुलांकडून पाठ करून घेतले तर पाच गुणांचे उत्तर होते, एवढेच. म्हणून मी त्यांना काजूच्या हंगामाची गोष्ट सांगते.

माकडताप हा रोग १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. गोचिडीतून तो माणसाला होतो, आणि कोरड्या महिन्यांत, गोचिडींची पिल्ले पाचोळ्यात पसरलेली असतात तेव्हा, त्याचा जोर असतो. नेमके तेच महिने काजूचे. बोंडू झाडावरून खाली पडतो, आणि तो वेचायला बाया पहाटेपासून त्या पाचोळ्यात वाकून काम करतात. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ साली या तापाची लागण झाली तेव्हा तिथल्या लोकांना जो सल्ला मिळाला तो वैद्यकाच्या दृष्टीने बरोबरच होता: रानात जाऊ नका, गेलात तर अंगभर कपडे घाला, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारे तेल लावा, परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा. मी वर्गाला विचारते, रानात न जाणे कुणाला परवडेल? वर्षाच्या रोख रकमेचा मोठा वाटा ज्या घराला त्या दोन-तीन महिन्यांत मिळतो, त्या घरातली बाई जाणारच. शिवाय ती ज्या झाडांखाली वाकते ती झाडे तिच्या सासऱ्याने लावलेली असली तरी जमीन तिच्या नावावर नाही. बागेला कुंपण, पंप, झोपडी काहीही करायचे तर वनखात्याचा माणूस दारात येतो. तापाची पाहणी करणाऱ्या डॉक्टराने हे विचारले नाही तर त्याचा सल्ला भिंतीवरच्या भित्तिपत्रकापलीकडे जाणार नाही.

आणि मग वनहक्काचा कायदा उघडावा लागतो. २००६ च्या या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो, ग्रामसभेची वन हक्क समिती त्याची पडताळणी करते, आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून धरले जातात. पण जे अनुसूचित जमातीत नाहीत त्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. धनगर गवळी इथे अडकतात. गुरांमागे डोंगरावरून डोंगरावर गेलेल्या माणसाने पोर्तुगीज काळातल्या वास्तव्याचा कागद कुठून आणायचा? आरोग्यसेविका पोचत नाही, रस्ता होत नाही, वीज येत नाही, कारण घर जिथे आहे तिथे कागदावर घर नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीने अशा एका वस्तीवरून बाळंतीण कशी खाली आणतात त्याचे वर्णन प्रकल्पात लिहिले होते; खुर्चीला दोन बांबू बांधून चौघेजण उतरतात, पाऊस असेल तर सहा. तिने ते न्यायाच्या प्रकरणात लिहिले होते, आरोग्याच्या नव्हे. मी ते तिथेच राहू दिले.

अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ साली आदिवासी आरोग्यावर देशाचा पहिला व्यापक अहवाल दिला. लोकसंख्येच्या ८.६ टक्के असलेल्या या समाजांचे सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षे, इतरांचे ६७, हा आकडा त्यातलाच. गडचिरोलीत त्यांच्या संस्थेचे रुग्णालय गोंड वस्तीसारखे, झोपड्यांचे बांधले आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले; आणि गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवून नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक खाली आणले, ते १९९९ साली जगापुढे मांडले. मुलांना हे सांगताना मला मराठी असण्याचा अभिमान वाटतो, तो लपवत नाही.

न्यूझीलंडमध्ये इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने आणि शिक्षिकेने सांस्कृतिक सुरक्षिततेची कल्पना मांडली, आणि १९९२ साली तिथल्या परिचर्या परिषदेने ती शिक्षणात आवश्यक केली. तिचा कणा असा, की आपल्याला मिळालेली सेवा सुरक्षित होती की नाही हे देणाऱ्याने नव्हे तर घेणाऱ्याने ठरवायचे. कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ साली ज्या ९४ मागण्या केल्या त्यांत वैद्यकीय, परिचर्या आणि कायदा या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना मूळनिवासींचा तोच इतिहास सक्तीने शिकवावा, असे आहे. आपल्याकडे बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांनी आणि वकील होऊ घातलेल्या मुलांनी एका बाकावर बसून कुमेरीचा इतिहास ऐकावा, ही माझी जुनी इच्छा आहे, आणि मी ती मांडत राहीन.

रॅम्सडेन यांचे तत्त्व मी गुणदानात आणले. आमच्या अभ्यासपत्रिकेत क्षेत्रकार्याचे गुण अहवाल सादर केल्यावर मिळत नाहीत. निष्कर्ष जिथून आणले तिथे परत नेऊन, लोकांना समजतील अशा बोलीत सांगितल्यावर, आणि लोकांनी त्यावर जे म्हटले ते अहवालाला जोडल्यावर मिळतात. यामुळे निकाल उशिरा लागतात, आणि परीक्षा विभागाशी दरवर्षी माझा वाद होतो.

गेल्या वर्षी आम्ही त्या वाड्यावर परत गेलो. ज्या वेळीप विद्यार्थ्याने मला संमतिपत्रावरून शिकवले तो आता शाळेत शिक्षक आहे. तो सुट्टी काढून सोबत आला. बुदवंतांना, म्हणजे वाड्याच्या जाणत्या प्रमुखांना, आधी भेटलो, त्यांनी मांडावर बसायला सांगितले. मांड ही त्या समाजाची पवित्र जागा, तिथे चपला काढून बसतात आणि खोटे बोलत नाहीत. नव्याने केलेल्या तपासणीचे निकाल आम्ही प्रत्येकीला वेगळे, बाजूला नेऊन, चिठ्ठीवर लिहून दिले, कारण एकीचा आकडा दुसरीला कळू नये हेही तिच्या हक्काचेच. आणि वाड्याचे एकत्रित चित्र मांडावर मोठ्याने सांगितले. मी जुन्या पाहणीबद्दल क्षमा मागितली. नाचणी पाखडणाऱ्या त्या बाई आता नाहीत. त्यांची सून पुढच्या रांगेत बसली होती, तिने ते ऐकून घेतले आणि विचारले, सासूचा आकडा तुमच्याकडे आहे का. माझ्याकडे वही होती. तिने आकडा ऐकला, सोबतच्या बायकांकडे वळून म्हणाली, "चडणीर रावताली न्ही, म्हण." चढणीवर थांबायची ना, म्हणून. बायकांनी माना हलवल्या.

मग बोलणे दुसरीकडे गेले. काणकोणात मूत्रपिंडाच्या आजाराचे असे रुग्ण आढळतात की ज्यांना ना मधुमेह असतो ना जुना रक्तदाब, आणि त्या वाड्यातही एक घर डायलिसिसच्या फेऱ्यांत पिचले आहे. बायकांचे म्हणणे असे, की रक्त पाहिलेत, आता आमच्या झरीचे आणि विहिरीचे पाणी पाहा, उन्हाळ्यात एकदा आणि पावसानंतर एकदा. नमुना भरताना आमच्यातली दोन माणसे हजर असतील, आणि एक बाटली वाड्यावर राहील. बुदवंतांनी त्यात भर घातली की कागद करायचा तर तो आधी मांडावर वाचायचा. आम्ही तो तिथेच, त्यांच्या शब्दांत लिहून घेतला. अंगठ्यांसाठी खाली जागा सोडू लागले, तेव्हा सून म्हणाली की आधी तुम्ही सही करा. मी केली, विद्यार्थ्यांनी केल्या, आणि कागद तिने ठेवून घेतला. पाण्याची पहिली बाटली एप्रिलमध्ये भरली.